ग्लुटामेटपासून कायनेजपर्यंत: चेतापेशीतला संकेत पायरीपायरीने कसा तपासावा

संवर्धनात वाढवलेल्या चेतापेशींवर ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन टाकले, पाच मिनिटांनी पेशी फोडल्या, वेस्टर्न ब्लॉट (प्रथिने आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याची चाचणी) केला आणि फॉस्फेट जोडलेल्या ईआरके या कायनेजची पट्टी गडद दिसली, की ‘ग्लुटामेटमुळे ईआरके सक्रिय होते’ असे लिहून मोकळे व्हावेसे वाटते. ते वाक्य खोटे नसते, पण त्यातून फारसे काही कळतही नाही. कोणता ग्राही (रसायन ओळखणारे पटलावरचे प्रथिन) उघडला, कॅल्शियम कोणत्या दाराने आत आले, ते कोणत्या कायनेजपर्यंत पोचले आणि ती खूण नव्याने उमटली की पुसायची राहून गेली, हे सगळे त्या एका पट्टीत दडलेले असते. फॉस्फेटची खूण म्हणजे फॉस्फेट बसवणारे कायनेज आणि ते काढणारे फॉस्फटेज या दोन विकरांच्या उलट दिशांच्या कामाची त्या क्षणीची शिल्लक असते. जमा आणि खर्च या दोन्ही बाजू तपासल्याशिवाय शिल्लक वाचता येत नाही, हे गृहीत धरूनच पुढील पायऱ्या मांडल्या आहेत. स्वतः प्रयोग करणाऱ्यांना त्यांचा उपयोग व्हावाच, पण इतरांचे शोधनिबंध बारकाईने वाचणाऱ्यांनाही कुठे शंका घ्यायची हे त्यातून कळावे.

पहिली पायरी: प्रश्न ठरवा आणि ग्राही निवडा

ग्लुटामेटचे ग्राही दोन घराण्यांचे आहेत. पहिले घराणे आयन-वाहिन्यांचे असून त्यात एएमपीए, एनएमडीए आणि काइनेट हे ग्राही येतात. ग्लुटामेट चिकटताच त्यांची वाहिनी उघडते. दुसऱ्या घराण्यातील ग्राही जी-प्रथिनांमार्फत काम करतात. त्यांचे आठ प्रकार असून ते तीन गटांत मोडतात. पहिल्या गटातले १ आणि ५ क्रमांकाचे ग्राही जीक्यू या जी-प्रथिनाला जोडलेले असतात, तर दुसऱ्या गटातले २ आणि ३ आणि तिसऱ्या गटातले ४, ६, ७ आणि ८ हे जीआय कुळातल्या प्रथिनांना जोडलेले असतात. नुसते ग्लुटामेट टाकले की हे सगळेच एकदम हलतात. चेतासंधीत (दोन चेतापेशींच्या सांध्यात) असलेले आणि चेतासंधीबाहेर पटलावर विखुरलेले ग्राही यांत त्या वेळी काही फरक राहत नाही. शिवाय पेशींवरचे वाहक ग्लुटामेट झपाट्याने शोषून घेतात. त्यामुळे आपण बाटलीवर लिहिलेली तीव्रता आणि मेंदूच्या कापातल्या पेशीला प्रत्यक्ष मिळालेली तीव्रता यांत मोठे अंतर पडते.

म्हणून प्रश्नानुसार उत्तेजक निवडावा. फक्त एनएमडीए ग्राही हवे असतील तर २० ते ५० मायक्रोमोलर एनएमडीए आणि सोबत १० मायक्रोमोलर ग्लायसीन द्यावे. पहिल्या गटातले जी-प्रथिन ग्राही हवे असतील तर ५० ते १०० मायक्रोमोलर डीएचपीजी पाच ते दहा मिनिटे द्यावे आणि त्याच द्रवात ५० मायक्रोमोलर डी-एपी५ ठेवून एनएमडीए ग्राही बंद करावेत. चेतासंधीतलेच ग्राही चेतवायचे असतील तर बाहेरून उत्तेजक घालण्याऐवजी बायकुक्युलिनने पेशींना शांत ठेवणारे गाबा-ए ग्राही रोखावेत, म्हणजे पेशींचे जाळे आपणहून पेटते आणि ग्लुटामेट जिथे सुटायला हवे तिथेच सुटते. चेतासंधीबाहेरच्या ग्राहींसाठी युक्ती याच्या उलट आहे. जाळे असे पेटलेले असताना एमके-८०१ द्यावे. ते फक्त उघड्या वाहिनीत शिरते आणि वाहिनी मिटली की आत अडकून पडते. चेतासंधीतले ग्राही अशा रीतीने बाद झाल्यावर औषध धुऊन टाकावे आणि मग एनएमडीए द्यावे. राहिलेल्या ग्राहींचा प्रतिसाद तेवढा उरतो.

पेशींचे वय इथेच नोंदवून ठेवावे. उंदराच्या गर्भातून घेतलेल्या हिप्पोकॅम्पसच्या पेशी संवर्धनात साधारण १४ ते २१ दिवसांच्या होईपर्यंत त्यांवर पुरेशा स्पाइन, म्हणजे डेंड्राइटवरची चेतासंधी धरणारी बोंडे, तयार झालेल्या नसतात. सात दिवसांच्या पेशींवर मिळालेले उत्तर प्रौढ चेतासंधीला लागू होईलच असे नाही. शेजारी वाढणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशींवरही पाचव्या क्रमांकाचा जी-प्रथिन ग्राही असतो आणि त्यांच्यातही ईआरके असते. त्यामुळे पट्टी नेमकी कोणाची, हा प्रश्न संवर्धनाची शुद्धता तपासल्याशिवाय सुटत नाही.

मात्रा वाढवण्यापूर्वी मात्र थांबून विचार करावा. प्रौढ कॉर्टेक्स पेशींना १०० मायक्रोमोलर ग्लुटामेट अवघी पाच मिनिटे दिले तरी पुढच्या दिवसाभरात त्यांपैकी पुष्कळशा मरू शकतात. मरणाच्या वाटेवर निघालेल्या पेशीतही कायनेजे पेटलेली दिसतात, आणि त्या पट्ट्यांवरून शिकण्याच्या प्रक्रियेबद्दल निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. प्रत्येक नव्या मात्रेसाठी एक डिश बाजूला ठेवून २४ तासांनी तिच्या माध्यमातले एलडीएच, म्हणजे मेलेल्या पेशींतून गळणारे विकर, मोजावे.

दुसरी पायरी: मॅग्नेशियमचे बूच निघाले का ते पाहा

पेशीच्या विश्रांतीच्या विभवाला, म्हणजे सुमारे उणे ७० मिलिव्होल्टला, एनएमडीए वाहिनीच्या तोंडात मॅग्नेशियमचा आयन बूच मारल्यासारखा बसलेला असतो. हे १९८४ मध्ये दाखवले गेले. ग्लुटामेट चिकटले तरी पटलाचा विभव धनाकडे सरकल्याशिवाय हे बूच निघत नाही. तो विभव सरकवण्याचे काम बहुतेक वेळा शेजारचे एएमपीए ग्राही करतात. म्हणजेच ही वाहिनी तीन अटी एकत्र पुऱ्या झाल्यावरच पुरेशी उघडते: ग्लुटामेट, त्याच्या जोडीला ग्लायसीन किंवा डी-सेरीन, आणि आधीच चेतलेले पटल.

इथे वेळेचा हिशोब लक्षात घेण्यासारखा आहे. चेतासंधीच्या फटीत ग्लुटामेटची तीव्रता क्षणभर १ मिलिमोलरच्या आसपास जाते आणि साधारण एका मिलिसेकंदात ओसरते. एएमपीए ग्राही तेवढ्यातच काम उरकतात, पण एनएमडीए ग्राही ग्लुटामेटला घट्ट धरून ठेवतात आणि त्यांचा प्रवाह दहा-वीस पासून शेकडो मिलिसेकंदांपर्यंत रेंगाळतो. या रेंगाळण्यामुळेच कॅल्शियमला आत शिरायला अवधी मिळतो.

प्रयोगात या पायरीची परीक्षा सोपी आहे. एकच उत्तेजना मॅग्नेशियम असलेल्या आणि मॅग्नेशियम काढलेल्या द्रवात द्यावी. मॅग्नेशियम असताना कायनेजची खूण एएमपीए ग्राहींच्या रोधकाने, उदाहरणार्थ सीएनक्यूएक्सने, नाहीशी होत असेल आणि मॅग्नेशियमविना तोच रोधक फारसा परिणाम करत नसेल, तर एएमपीए ग्राहींचे काम फक्त बूच काढण्यापुरते होते असे म्हणता येते. ही तुलना न करता ‘एएमपीए ग्राही कायनेज चालू करतात’ असे लिहिलेले अनेकदा वाचायला मिळते.

तिसरी पायरी: कॅल्शियम किती, कुठे, कोणत्या दाराने

पेशीबाहेर कॅल्शियमची तीव्रता १ ते २ मिलिमोलर असते आणि आत मुक्त कॅल्शियम जेमतेम १०० नॅनोमोलर, म्हणजे बाहेरच्याच्या दहा हजारावा हिस्सा किंवा त्याहून कमी. हा आकडा एका स्पाइनपुरता मांडून पाहावा, म्हणजे त्याचा अर्थ मनात ठसतो. स्पाइनचे आकारमान ०.१ फेम्टोलिटर धरले, तर १०० नॅनोमोलर म्हणजे त्या सगळ्या जागेत मिळून सुमारे सहा मुक्त आयन! तीव्रता दहा पटींनी चढून १ मायक्रोमोलर झाली, तरी ती साठ आयनांची गोष्ट असते. कॅमके-२ या कॅल्शियमने चालू होणाऱ्या कायनेजच्या शेकडो रेणूंची गर्दी असलेल्या त्या बोंडात इतके थोडे आयन पुरतात, कारण वाहिनीच्या तोंडाशी ते क्षणभर प्रचंड दाटीने असतात आणि मुक्त म्हणून मोजलेल्या प्रत्येक आयनामागे प्रथिनांना चिकटलेले कितीतरी आयन असतात.

यावरून सरासरी कॅल्शियम मोजण्याची मर्यादाही ध्यानात येते. फ्युरा-२ हा रंग ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने उजळवून मिळणारे गुणोत्तर पेशीभरातल्या कॅल्शियमबद्दल चांगली माहिती देते, परंतु वाहिनीच्या तोंडाशी काय चालले आहे ते त्यातून दिसत नाही. रंग स्वतःच कॅल्शियम बांधून ठेवतो. त्याची मात्रा जास्त झाली तर आपण ज्या संकेताचे मोजमाप करायला बसलो तोच आपल्या हाताने दाबला जातो. त्यामुळे कॅल्शियम आणि कायनेज यांचे मोजमाप एकाच डिशवर करू नये. किमान रंगाविना एक जोडडिश ठेवून कायनेजची खूण तितकीच उमटते का हे पाहावे.

कॅल्शियमचे उगमस्थान ओळखण्यासाठी माझी आवडती परीक्षा बापटा आणि ईजीटीए यांच्या तुलनेची आहे. दोन्ही पदार्थ कॅल्शियमला जवळपास सारख्याच ओढीने बांधतात, पण बापटा त्याला ईजीटीएपेक्षा सुमारे शंभर पट वेगाने पकडते. पेशीत शिरणारी त्यांची रूपे वापरून बापटाने खूण पुसली गेली आणि तितक्याच ईजीटीएने ती टिकली, तर कॅल्शियमचा संवेदक वाहिनीला अगदी खेटून बसलेला आहे असे समजावे. दोन्हींनी पुसली गेली, तर संकेत पेशीत पसरून मग कायनेजपर्यंत पोचतो. याच्या जोडीला एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्यांसाठी निफेडिपिन आणि पेशीतल्या साठ्यासाठी थॅप्सिगार्गिन वापरले की दारे एकेक करून मिटवता येतात. एल-वाहिनीची परीक्षा तर वगळूच नये, कारण पटल चेतले की एनएमडीए ग्राहींसोबत याही वाहिन्या उघडतात आणि केंद्रकाकडे जाणाऱ्या संकेतात त्यांचा वाटा मोठा असतो.

चौथी पायरी: कॅल्मोड्युलिन आणि कॅमके-२

कॅल्शियमचे चार आयन बांधणारे कॅल्मोड्युलिन हे १४८ अमिनो आम्लांचे छोटेसे प्रथिन आहे, आणि त्याच्या हाती या सगळ्या वाटांच्या चाव्या आहेत. कॅल्शियमने भरलेले कॅल्मोड्युलिन कॅमके-२ ला जागे करते, ठरावीक ॲडेनिलिल सायक्लेजना चालना देते, रासजीआरएफ१ मार्फत रास या संकेत पुढे नेणाऱ्या प्रथिनाला हलवते आणि कॅल्सिन्युरिन नावाच्या फॉस्फटेजलाही चालू करते. खूण लिहिणारा आणि खूण पुसणारा असे दोघेही एकाच प्रथिनाच्या हुकमावर चालतात, ही गोष्ट या विषयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

कॅमके-२ मेंदूत विपुल असते. हिप्पोकॅम्पससारख्या भागात एकूण प्रथिनाच्या टक्का-दोन टक्के हे एकच विकर भरते. त्याचे बारा घटक प्रत्येकी सहांच्या दोन कड्यांत रचलेले असतात आणि प्रत्येक घटकाचा स्वतःचा एक पट्टा त्याच्याच क्रियाशील खाचेवर झाकणासारखा बसलेला असतो. कॅल्मोड्युलिन त्या पट्ट्याला चिकटले की झाकण उघडते. याच्या पुढचा टप्पा मात्र खास आहे. अल्फा प्रकारच्या घटकावर २८६ क्रमांकाचे थ्रिओनिन असते आणि त्याला फॉस्फेट जोडण्याचे काम शेजारचा घटक करतो. पण त्यासाठी शेजारी तर जागा हवाच, शिवाय ज्याच्यावर फॉस्फेट बसायचे त्याच्यावरही कॅल्मोड्युलिन बसलेले हवे. एकाच कड्यातले लगतचे दोन घटक एकाच वेळी जागे असण्याची शक्यता तुरळक कॅल्शियममध्ये फारच कमी असते, आणि कॅल्शियमचे झोत एकामागोमाग वेगाने आले की ती झपाट्याने वाढते. झोतांची संख्या तीच ठेवून केवळ त्यांची वारंवारिता बदलली तरी या विकराचा प्रतिसाद बदलतो, तो या रचनेमुळे.

थ्रिओनिन-२८६ वर फॉस्फेट बसल्यावर दोन गोष्टी घडतात. कॅल्मोड्युलिन निसटायला एरवी सेकंदाहून कमी वेळ लागतो, तो आता शेकडो सेकंदांवर जातो. आणि कॅल्मोड्युलिन निघून गेले तरी झाकण पूर्ण मिटत नाही, म्हणून कॅल्शियम ओसरल्यावरही विकर काही प्रमाणात चालू राहते. त्यानंतर ३०५ आणि ३०६ क्रमांकांच्या थ्रिओनिनवर फॉस्फेट बसले, की कॅल्मोड्युलिनला पुन्हा जागाच मिळत नाही. म्हणून फक्त २८६ ची पट्टी पाहून ‘कायनेज तयार आहे’ असे म्हणू नये. तेच विकर पुढच्या उत्तेजनेला बहिरे झालेले असू शकते.

ही २८६ ची खूण म्हणजेच स्मृतीचा कायमचा खटका, अशी मोहक कल्पना अनेक वर्षे मांडली गेली. तिला आधारही होता. अल्फा कॅमके-२ नसलेल्या उंदरांत दीर्घकालीन दृढीकरण (चेतासंधी दीर्घकाळ बळकट होणे) आणि जागा लक्षात ठेवण्याची क्षमता दोन्ही उणावतात हे १९९२ मध्ये दिसले, आणि पुढे केवळ ते एक थ्रिओनिन बदललेल्या उंदरांतही तशीच उणीव आढळली. परंतु २००९ मध्ये एकाच स्पाइनमध्ये या विकराची हालचाल प्रकाशाने पाहता आली, तेव्हा त्याची क्रियाशीलता सुमारे मिनिटाभरात ओसरताना दिसली. खुणेचे काम सुरुवातीचा वेग मिळवून देण्याचे आहे आणि त्यानंतर टिकणाऱ्या बदलात कॅमके-२ चे एनएमडीए ग्राहीच्या जीएलयूएन२बी घटकाला जाऊन चिकटणे अधिक मोलाचे आहे, असा माझा या पुराव्यावरून कल आहे.

ब्लॉटवर अल्फा घटक ५० किलोडाल्टनच्या आसपास आणि बीटा घटक ६० च्या जवळ असा दोन पट्ट्यांचा नमुना दिसला पाहिजे. एकच पट्टी दिसली तर प्रतिपिंड किंवा पेशींचे वय तपासावे. वेळ निवडताना ३० सेकंद, १ मिनिट, ५ मिनिटे आणि १५ मिनिटे अशा डिश ठेवाव्यात. पाच मिनिटांपासून सुरुवात करणारा कॅमके-२ चे शिखर पाहतच नाही.

परिणाम पाहायचा असेल तर एएमपीए ग्राहीच्या जीएलयूए१ घटकावरचे सेरीन-८३१ हा नेहमीचा टप्पा आहे. तिथे फॉस्फेट बसल्यावर एकेका वाहिनीतून जाणारा प्रवाह वाढतो. मात्र त्याच सेरीनवर पीकेसी हे दुसरे कायनेजदेखील फॉस्फेट बसवते, तेव्हा ही पट्टी वाढल्याने कोणते कायनेज काम करून गेले हे ठरत नाही.

पाचवी पायरी: जी-प्रथिनांची वाट

पहिल्या गटातला ग्राही चेतला की जीक्यू प्रथिन फॉस्फोलायपेज-सीला जागे करते आणि ते विकर पटलातल्या पीआयपी२ या मेदरेणूचे दोन तुकडे करते. त्यातला आयपी३ पाण्यात विरघळून पेशीतल्या साठ्याकडे जातो आणि तिथले कॅल्शियम मोकळे करतो, तर डायॲसिलग्लिसेरॉल पटलातच राहते. पीकेसीच्या अल्फा, बीटा आणि गॅमा या प्रकारांना दोन्ही लागतात: कॅल्शियम त्यांना पटलाकडे आणते आणि डायॲसिलग्लिसेरॉल तिथे धरून ठेवते. त्यामुळे पीकेसीच्या बाबतीत खुणेपेक्षा जागा पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. हिरवे प्रकाशणारे प्रथिन जोडलेले पीकेसी-गॅमा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून डीएचपीजी दिले, की पेशीभर धूसर पसरलेला प्रकाश काही सेकंदांत कडेला जमून पटलाची बारीक रेघ उजळते आणि कॅल्शियम ओसरताच पुन्हा आत विरतो. एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर ही क्रिया विसरता येत नाही.

या वाटेचे सर्वांत नीट उलगडलेले उदाहरण लघुमस्तिष्कातल्या पुर्किन्ये पेशींचे आहे. तिथे पहिल्या क्रमांकाचा जी-प्रथिन ग्राही आणि कॅल्शियम एकत्र आले की पीकेसी-अल्फा जीएलयूए२ घटकाच्या सेरीन-८८० वर फॉस्फेट बसवते, ग्राहीला पटलावर धरून ठेवणाऱ्या ग्रिप प्रथिनाची पकड सुटते, पिक१ प्रथिनाची पकड कायम राहते आणि ग्राही आत ओढला जातो. चेतासंधी दुर्बल होते. कायनेज चालू झाले म्हणजे चेतासंधी बळकटच होणार, हा समज इथे गळून पडतो.

डायॲसिलग्लिसेरॉलसारखे वागणारे पीएमए देऊन या वाटेची नक्कल करताना चेतापेशींत विशेष जपावे लागते. पीएमए पीकेसीखेरीज मंक१३ या प्रथिनालाही चिकटते आणि त्यामुळे चेतासंधीतून ग्लुटामेट अधिक सुटते. म्हणजे पीकेसी तपासायला जावे आणि नकळत सगळेच ग्राही पुन्हा चेतवून बसावे, असे होते. एनएमडीए आणि एएमपीए ग्राहींचे रोधक द्रवात ठेवल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

पीकेए या आणखी एका कायनेजची वाट थोडक्यात सांगता येते. कॅल्शियम-कॅल्मोड्युलिनने चेतणाऱ्या १ आणि ८ क्रमांकांच्या ॲडेनिलिल सायक्लेजमुळे सीएएमपी हे पेशीतले निरोप्या संयुग वाढते, ते पीकेएच्या नियामक घटकांना चिकटते आणि क्रियाशील घटक मोकळे होतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांतले ग्राही सीएएमपी कमी करतात, म्हणून एकच ग्लुटामेट पीकेएला एका हाताने ढकलते आणि दुसऱ्या हाताने ओढून धरते. पडताळणीसाठी जीएलयूए१ चे सेरीन-८४५ पाहावे आणि ॲडेनिलिल सायक्लेजना थेट चेतवणारे फोर्स्कोलिन दिलेली एक डिश कमाल प्रतिसाद म्हणून नेहमी सोबत ठेवावी.

सहावी पायरी: ईआरके आणि केंद्रक

रास, राफ, मेक आणि ईआरके ही एकामागून एक चालू होणाऱ्या प्रथिनांची साखळी संथ आहे. सक्रिय रास एका स्पाइनमध्ये थांबत नाही, डेंड्राइटमध्ये सुमारे १० मायक्रोमीटर पसरते आणि शेजारच्या स्पाइनांनाही भिजवते. कॅमके-२ बोंडात अडकून राहते आणि रास बाहेर पडते, या फरकामुळे दोन्ही संकेतांची कामे वेगळी होतात. ईआरकेच्या ४४ आणि ४२ किलोडाल्टनच्या दोन पट्ट्या साधारण ५ ते १० मिनिटांत शिखरावर येतात, त्यानंतर केंद्रकात जनुके चालू करणाऱ्या क्रेब या प्रथिनाच्या सेरीन-१३३ ची खूण टिकून राहते आणि सी-फॉस प्रथिन ६० ते ९० मिनिटांनी दिसते.

सेरीन-१३३ वर पीकेए, कॅमके-४, आरएसके आणि एमएसके असे कितीतरी विकर फॉस्फेट बसवतात. शिवाय प्रचलित प्रतिपिंड एटीएफ-१ या नातेवाईक प्रथिनालाही ओळखते, तेव्हा ४३ किलोडाल्टनच्या खाली दिसणारी पट्टी क्रेबच्या हिशोबात धरू नये. चेतासंधीतले एनएमडीए ग्राही क्रेबची खूण टिकवतात आणि चेतासंधीबाहेरचे ती पुसतात, असे २००२ मध्ये दाखवले गेले. तो फरक केवळ जागेचा की कॅल्शियमच्या एकूण प्रमाणाचाही, हा वाद रास्त आहे. म्हणून दोन्ही बाजूंचे कॅल्शियम सारखे झाले होते का, हे त्याच प्रयोगात मोजलेले असावे.

सातवी पायरी: पेशी फोडण्याचा क्षण

सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एक चूक महिनोन्महिने होत राहिली. उत्तेजनेच्या डिशमधले माध्यम मी बदलत असे आणि कंट्रोल डिशला हात लावत नसे. नुसते माध्यम बदलल्यानेही ईआरकेची खूण वाढते, हे नंतर एका कोऱ्या बदलाच्या डिशने दाखवून दिले, आणि तोवरचे आकडे बाजूला ठेवावे लागले. आता कंट्रोल डिशलाही तितकेच द्रव, त्याच तापमानाचे, त्याच हाताने आणि त्याच क्षणी मिळते. माध्यम बदलण्याऐवजी थोडेसे जुने माध्यम काढून त्यातच औषध मिसळून परत सोडणे अधिक चांगले. मेंदूचे काप वापरत असाल तर कापण्यानेच कायनेजे पेटतात, म्हणून त्यांना काही तास विसावू द्यावे.

पेशी फुटते तेव्हा बाहेरचे मिलिमोलर कॅल्शियम आतल्या विकरांवर एकदम कोसळते. त्या अर्ध्या मिनिटात कॅमके-२ स्वतःवर नवी खूण उमटवू शकते आणि फॉस्फटेज जुन्या खुणा पुसू शकतात, आणि मग ब्लॉटवर उत्तेजनेऐवजी फोडण्याचीच कहाणी वाचायला मिळते. यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे माध्यम ओतून टाकताच ९५ अंशांचा, एसडीएस (प्रथिने उलगडणारा साबणासारखा पदार्थ) असलेला द्रव थेट पेशींवर ओतणे. विकरे जागच्या जागी मोडतात. थंड, सौम्य द्रव वापरणे भागच असेल तर त्यात ईजीटीए आणि फॉस्फटेज रोखणारी सोडियम फ्लोराइड, ऑर्थोव्हॅनाडेट आणि ओकाडाइक आम्ल किंवा मायक्रोसिस्टिन घालावीत. ऑर्थोव्हॅनाडेट आधी पीएच १० वर नेऊन, उकळून, रंगहीन करून घ्यावे लागते, आणि ईडीटीए किंवा डीटीटी सोबत असल्यास ते निकामी होते. त्यामुळे चेलेटर (कॅल्शियमसारखे आयन बांधणारा पदार्थ) निवडताना हे लक्षात ठेवावे.

फॉस्फेटची पट्टी त्याच नमुन्यातल्या एकूण प्रथिनाशी भागूनच मांडावी. एका संवर्धनातल्या सहा डिश म्हणजे सहा प्रयोग होत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी केलेली स्वतंत्र संवर्धने मोजावीत.

आठवी पायरी: रोधकांवर किती विसंबावे

केएन-९३ हे कॅमके-२ चे नेहमीचे रोधक कॅल्शियम-कॅल्मोड्युलिनला रोखून काम करते. म्हणून २८६ ची खूण बसून स्वतंत्रपणे चालू झालेल्या कॅमके-२ वर त्याचा परिणाम होत नाही आणि कॅल्मोड्युलिनवर चालणाऱ्या इतर वाटा मात्र हलू शकतात. शिवाय ते आयन-वाहिन्यांनाही धक्का लावते. उत्तेजनेच्या आधी आणि नंतर अशा दोन्ही वेळा ते देऊन पाहिल्यास खूण बसवणे आणि खूण टिकवणे वेगळे करता येते, पण टिकवण्याच्या प्रश्नासाठी पेशीत शिरणारे सीएन२१ हे पेप्टाइड वापरावे. एच-८९ पीकेएखेरीज इतरही अनेक कायनेजे रोखते, म्हणून त्याच्या जोडीला आरपी-सीएएमपीएस हा पीकेएचा दुसरा रोधक हवाच. यू०१२६ मेकवर चांगले चालते, त्याच्यासोबत निष्क्रिय भावंड म्हणून यू०१२४ ठेवावे. कार्यकारणभाव खरोखर सिद्ध करायचा असेल तर लक्ष्य असलेल्या सेरीनच्या जागी ॲलानीन बसवलेले प्रथिन वापरावे. उत्तेजना तीच असूनही परिणाम नाहीसा झाला, तर त्या जागेवरच बोट ठेवता येते.

नववी पायरी: पुसण्याचा वेग मोजा

प्रथिनांवर फॉस्फेट बसवणे आणि काढणे हा जैविक नियंत्रणाचा पाया आहे, हे दाखवल्याबद्दल एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल मिळाले. तरीही काढण्याची बाजू प्रयोगांत बहुधा दुर्लक्षित राहते. कॅल्सिन्युरिनला कॅमके-२ पेक्षा खूपच कमी कॅल्शियम पुरते. त्यामुळे कॅल्शियम थोडे आणि दीर्घकाळ चढले की कॅल्सिन्युरिन इन्हिबिटर-१ वरचे फॉस्फेट काढते, त्याने दाबून ठेवलेले पीपी१ हे फॉस्फटेज मोकळे होते आणि चेतासंधी दुर्बल होते. कॅल्शियम वेगाने आणि भरपूर चढले तर कॅमके-२ आघाडी घेते. ग्राही तोच, आयन तोच, निष्पत्ती उलट.

त्यासाठी शेवटचा प्रयोग असा मांडावा. एकसारख्या डिश दोन मिनिटे उत्तेजित कराव्यात आणि त्याच क्षणी सर्वांत डी-एपी५ आणि निफेडिपिन टाकून कॅल्शियमची दारे बंद करावीत. मग १, ३, १० आणि ३० मिनिटांनी एकेक डिश उकळत्या एसडीएसमध्ये मोडावी. अर्ध्या डिशना आधीपासून ओकाडाइक आम्ल द्यावे, उरलेल्या अर्ध्यांना फक्त त्याचे द्रावक. दोन वक्ररेषांमधले अंतर म्हणजे पीपी१ आणि पीपी२ए यांचे काम. कॅल्सिन्युरिनवर ओकाडाइक आम्लाचा परिणाम अशा मात्रेत जवळपास होत नाही, म्हणून त्याच्यासाठी कॅल्सिन्युरिन रोखणारे एफके५०६ दिलेली तिसरी मालिका ठेवावी. ओकाडाइक आम्लाने खूण टिकली आणि एफके५०६ ने टिकली नाही, तर ती खूण थेट कॅल्सिन्युरिन पुसत नव्हते. दोन्हींनी टिकली, तर इन्हिबिटर-१ ची फॉस्फेट-खूण त्याच नमुन्यांत लगेच तपासावी.